वेळेत आणि वेळेवर

'बाबा कामात आहेत', 'बाबा कामावर आहेत' आणि 'बाबा कामाला आहेत'. मराठी घरात वाढलेलं लहान मूलसुद्धा ही तीन वाक्यं एकमेकांच्या जागी वापरणार नाही. पहिल्यात बाबांना आत्ता बोलायला सवड नाही. दुसऱ्यात ते ड्युटीवर आहेत, घरी भेटणार नाहीत. तिसऱ्यात ते कुठेतरी नोकरी करतात, मग आज रविवार असल्यामुळे ते घरीच पेपर वाचत बसलेले का असेनात. नाम एकच, सामान्यरूपही एकच. सगळा फरक 'त', 'वर' आणि 'ला' यांनी केला. मनाचंही तेच. एखादी गोष्ट मनात येते, मनावर घेतली जाते, मनाला लागते, मनाशी ठरते, आणि एखादा माणूस मनातून उतरतो. यातल्या कशाचीही सरमिसळ आपण करत नाही. नियम विचारला तर मात्र बहुतेकांना सांगता येणार नाही.

हाच माणूस इंग्रजी लिहायला बसला, की 'इन टाइम' आणि 'ऑन टाइम' यांच्यापाशी अडतो. 'ॲट द एंड' की 'इन द एंड', 'ऑन द वे' की 'इन द वे', असे जुळ्यासारखे दिसणारे प्रयोग समोर आले की हात थबकतो. याचं कारण त्याच्या बुद्धीत नाही. आपल्याला भाषांतरातून इंग्रजी शिकवलं जातं. तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'वर महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांचं इंग्रजी उभं राहिलं आणि तिचे उपकार मोठे आहेत. पण भाषांतराच्या सवयीतून डोक्यात एक कोष्टक घट्ट बसतं: 'त' म्हणजे इन, 'वर' म्हणजे ऑन, 'ने' म्हणजे बाय, 'शी' म्हणजे विथ, 'साठी' म्हणजे फॉर. सुरुवातीला या कोष्टकाचा आधार वाटतो, पुढे तेच पायात येतं. दोन जवळच्या प्रयोगांतून एक निवडायचा असेल, तर त्या छोट्या शब्दाचा मराठी अर्थ शोधण्यापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात. बोलणारा त्या वस्तूकडे किंवा वेळेकडे कसा पाहतो आहे, आणि त्या प्रयोगाच्या पुढेमागे कोणते शब्द येतात.

'इन टाइम' आणि 'ऑन टाइम' यांच्या बाबतीत मराठी थेट मदतीला येते. गाडी 'वेळेवर' सुटली म्हणजे वेळापत्रकात लिहिलेल्या मिनिटाला सुटली. ते 'ऑन टाइम'. आपण स्टेशनवर 'वेळेत' पोचलो म्हणजे गाडी सुटण्याआधी पोचलो, मग पाच मिनिटं आधी असो की अर्धा तास. ते 'इन टाइम'. एकात ठरलेला क्षण आहे, दुसऱ्यात संपत चाललेली मुदत. म्हणूनच 'इन टाइम'च्या मागोमाग बहुधा कशासाठी ते येतं: 'इन टाइम फॉर लंच', 'इन टाइम टु सी द डॉक्टर'. 'ऑन टाइम' तिथेच थांबतं, त्याला पुढे काही जोडायची गरज सहसा पडत नाही. परीक्षेत रिकामी जागा भरताना पुढे 'फॉर' किंवा 'टु' दिसलं, तर निम्मं काम झालं. 'इन टाइम'चा अजून एक अर्थ आहे, 'कालांतराने'. जखम 'इन टाइम' भरते, तेव्हा तिथे कुठलीच मुदत नसते.

'शेवटी' या शब्दाने मात्र मराठी माणसाला फसवलं आहे. 'पुस्तकाच्या शेवटी सूची आहे' आणि 'खूप वाद झाले, शेवटी आम्ही गेलोच नाही' या दोन्ही वाक्यांत आपण एकच शब्द वापरतो. इंग्रजीत पहिलं 'ॲट द एंड' आहे, आणि त्याच्यापुढे कशाच्या शेवटी हे सांगणारं 'ऑफ' बहुतेक वेळा असतं किंवा गृहीत असतं. दुसरं 'इन द एंड': त्याला 'ऑफ' लागत नाही, कारण ते कुठल्या वस्तूचं टोक दाखवत नाही, एवढं सगळं झाल्यावर काय निष्पन्न झालं ते सांगतं. मराठी वाक्यात 'शेवटी'च्या जागी 'अखेर' किंवा 'सरतेशेवटी' घालून पाहावं. बसलं तर 'इन द एंड'. 'पुस्तकाच्या सरतेशेवटी सूची आहे' असं कोणी म्हणणार नाही.

मराठी माणसाच्या ऑफिसच्या इंग्रजीत सगळ्यात जास्त घोळ कोणी घातला असेल तर तो 'पर्यंत'ने. 'फॉर्म शुक्रवारपर्यंत भरा' आणि 'शुक्रवारपर्यंत इथेच थांबा'. आपल्याला दोन्ही 'पर्यंत' सारखेच वाटतात. पण थांबणं शुक्रवार येईतो अखंड चालू राहणार आहे, आणि फॉर्म भरणं ही एकदाच घडून संपणारी गोष्ट आहे. ती शुक्रवारच्या अलीकडे कधीही उरकली तरी चालेल. इंग्रजी या दोहोंना वेगळे शब्द देते. चालू राहणाऱ्याला 'टिल' किंवा 'अंटिल', मुदतीआधी उरकायच्या गोष्टीला 'बाय'. म्हणून 'सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे' असं पत्र गेलं, तर इंग्रजी मातृभाषा असलेल्या वाचणाऱ्याला, शुक्रवार उजाडेपर्यंत फॉर्म भरतच राहायचा आहे की काय, असं वाटतं.

नकारार्थी वाक्यात हे प्रकरण नुसतं व्याकरणापुरतं राहत नाही. 'शुक्रवारपर्यंत मी अहवाल देऊ शकणार नाही' हे मराठी वाक्य नीट वाचा. याचा एक अर्थ असा, की शुक्रवारच्या आधी मागू नका, शुक्रवारी देतो. दुसरा असा, की तुम्ही घातलेली शुक्रवारची मुदत माझ्याने पाळली जाणार नाही. समोरासमोर बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळतं, मागचंपुढचं माहीत असतं, म्हणून मराठीत अडत नाही. इंग्रजी ईमेलमध्ये लेखकाला आधीच निवड करावी लागते. 'नॉट अंटिल फ्रायडे' म्हटलं की वरिष्ठ शुक्रवारी अहवालाची वाट पाहतात. 'नॉट बाय फ्रायडे' म्हटलं की ते शुक्रवार सोडून देतात आणि नवी तारीख मागतात. इथे चुकीचा शब्द गेला तर वाक्य व्याकरणशुद्ध असूनही भलतंच वचन देऊन मोकळं होतं, आणि वचन कोणी मोडलं यावरून मग माणसांत वितुष्ट येतं. शिक्षकांनी या एका जोडीवर एक अख्खा तास खर्च करावा असं मला मनापासून वाटतं. त्यातच अंतराचा 'पर्यंत' मिसळतो: 'स्टेशनपर्यंत चालत गेलो' यासाठी प्रमाण इंग्रजीत 'टिल' चालत नाही, तिथे 'ॲज फार ॲज द स्टेशन' किंवा साधं 'टु' हवं.

'पासून'ची गोष्ट थोडक्यात सांगता येते. 'दोन वर्षांपासून' आणि 'जूनपासून' यांत पहिलं कालावधीचं माप आहे, दुसरं सुरुवातीची खूण. माप असेल तर 'फॉर', खूण असेल तर 'सिन्स'. 'सिन्स लास्ट टू इयर्स' आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, त्याचा उगम आपल्या 'गेल्या दोन वर्षांपासून'मध्ये आहे. तसंच 'गाडी दहा मिनिटांनी सुटेल' याचं भाषांतर आपण 'आफ्टर टेन मिनिट्स' करतो. आत्तापासून मोजायचं असेल तर इंग्रजी 'इन टेन मिनिट्स' म्हणते, आणि दहा मिनिटं पुरी व्हायच्या आतच सुटणार असेल तर 'विदिन'.

जागा दाखवणाऱ्या शब्दांकडे वळलं की 'त म्हणजे इन, वर म्हणजे ऑन' या समीकरणाचा खरा कस लागतो. काही ठिकाणी ते तंतोतंत उतरतं. खोलीच्या 'कोपऱ्यात' ठेवलेली छत्री 'इन द कॉर्नर' असते, कारण दोन भिंतींनी ती कवेत घेतलेली आहे. रस्त्याच्या 'कोपऱ्यावर' असलेलं वाण्याचं दुकान 'ऑन द कॉर्नर', कारण इथे आपण तोच कोन बाहेरच्या बाजूने पाहतो. मराठी आणि इंग्रजी दोघींनाही हा फरक दिसला.

पण अंगावरच्या कपड्यालत्त्यांचं आणि दागिन्यांचं बघा. मराठीत अंगठी बोटात, बांगड्या हातात, चप्पल पायात, सदरा अंगात. खरं तर बोट अंगठीत असतं आणि पाय चपलेत. तरी आपण ज्या अवयवाला ती वस्तू बिलगून बसली त्यालाच 'त' लावतो. शाल मात्र नुसती पांघरलेली, म्हणून ती अंगावर, आणि टोपी डोक्यावर. इंग्रजी या सगळ्यांना एकाच नजरेने बघते: वस्तू शरीराच्या पृष्ठभागाला टेकली आहे, म्हणून अंगठी, बांगडी, बूट, टोपी सगळं 'ऑन'. 'द रिंग इन हर फिंगर' म्हटलं तर अंगठी मांसात रुतल्यासारखं वाटेल. आणि तीच इंग्रजी माणसाच्या बाजूने बघायला लागली की उलटी फिरते: हिरवी साडी नेसलेली बाई 'इन अ ग्रीन सारी' असते, कारण आता बाई आत आणि साडी भोवती. साडी बाईवर आणि बाई साडीत, दोन्ही खरं. शब्द ठरतो तो आपण कोणत्या टोकाकडून पाहतो त्यावर.

जगातली प्रत्येक भाषा ही वाटणी आपापल्या परीने करते. सुन्जा चोई आणि मेलिसा बाउअरमन या भाषावैज्ञानिकांनी १९९१ साली इंग्रजी आणि कोरियन बोलणाऱ्या लहान मुलांच्या भाषेची तुलना प्रसिद्ध केली. कोरियनमध्ये एक क्रियापद आहे जे घट्ट बसवण्यासाठी वापरलं जातं. बोटावर अंगठी चढवणं असो की डबीत कॅसेट बसवणं असो, क्रियापद तेच. वाडग्यात सफरचंद सैलसर टाकलं की क्रियापद बदलतं. म्हणजे इंग्रजीचा आत-वर हा भेद तिथे गौण आणि घट्ट-सैल हा भेद मुख्य. आणि मुलं अगदी बोलायला लागतात त्या वयातच आपापल्या भाषेची वाटणी पाळू लागतात. आपला 'बोटात' आणि त्यांचा 'ऑन' यांच्यात बरोबर-चूक ठरवायला कोणी बसलेलं नाही, हे एकदा मनाशी पक्कं झालं की शिकणाऱ्याचा निम्मा संकोच जातो.

वाहनांचा घोळही असाच सुटतो. 'इन द कार' पण 'ऑन द बस', असं का? ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, जे ठरलेल्या मार्गाने लोकांना नेतं, ते इंग्रजीला एखाद्या फलाटासारखं दिसतं: बस, ट्रेन, जहाज, विमान, सगळ्यांना 'ऑन'. ज्यात अंग दुमडून बसावं लागतं ते 'इन': कार, टॅक्सी, आपली रिक्षा, छोटी होडी. सायकल आणि घोडा यांवर आपण स्वारच होतो, तिथे मराठीही 'वर'च म्हणते. बस बंद पडून वर्षानुवर्षं मैदानात गंजत असेल आणि पोरं तिच्यात लपाछपी खेळत असतील, तर ती 'इन द बस' खेळतात. प्रवास संपला, नुसता पत्र्याचा खोका उरला, म्हणून शब्दही बदलला. झाडाची जोडीही अशीच. आपण पक्षी आणि आंबे दोन्ही झाडावर ठेवतो. इंग्रजी पक्ष्याला पानांच्या गर्दीत बघून 'इन द ट्री' म्हणते आणि झाडाला लागलेल्या आंब्याला 'ऑन द ट्री'.

'वाटेत' या शब्दात तर भांडणाचं बी आहे. 'तुमचं घर माझ्या वाटेत आहे, येताना डबा देतो' हा निरोप प्रेमाचा. पण त्याचं 'योर हाऊस इज इन माय वे' केलं, तर ते घर रस्त्यात आडवं आलं आहे, हटवायला हवं, असा अर्थ होतो. जाता जाता लागणारं 'ऑन द वे', आडवं येणारं 'इन द वे'. मराठीतही 'माझ्या वाटेत येऊ नकोस' हा दुसरा अर्थ आहेच, फक्त तो क्रियापदावरून कळतो.

जिथे दोन शब्दांमागे दोन हेतू असतात, तिथली निवड मला सगळ्यात सुंदर वाटते. क्रिकेट पाहणाऱ्याला हे समजावून सांगावंही लागत नाही. क्षेत्ररक्षक चेंडू उचलून यष्टिरक्षकाच्या हातात देण्यासाठी फेकतो, तेव्हा तो 'थ्रो टु द कीपर'. फलंदाज क्रीजबाहेर दिसला आणि क्षेत्ररक्षकाने चेंडू नेम धरून थेट यष्ट्यांवर मारला, तर 'थ्रो ॲट द स्टंप्स'. 'टु' म्हणजे समोरच्याला मिळावं म्हणून, 'ॲट' म्हणजे त्याला लक्ष्य करून. 'शाउट टु' म्हणजे लांबून हाक मारणं, 'शाउट ॲट' म्हणजे अंगावर ओरडणं. आपण अशा वेळी 'कडे' आणि 'वर' वापरतो: चेंडू त्याच्याकडे टाकला, दगड त्याच्यावर फेकला. म्हणजे 'वर'चं भाषांतर इथे चक्क 'ॲट' झालं, 'ऑन' कुठेच आलं नाही.

आणि मग एक बारीकसा 'द', ज्याच्या असण्या-नसण्याने कर्ता आणि कर्म जागा बदलतात. घर घेतलेल्या प्रत्येकाला 'पझेशन' हा शब्द पाठ असतो. कागदपत्रांत 'इन पझेशन ऑफ' असं आलं तर त्याच्या आधी ताबा असलेला माणूस असतो: खरेदीदार 'इन पझेशन ऑफ द फ्लॅट' आहे. 'इन द पझेशन ऑफ' आलं तर आधी वस्तू असते आणि नंतर ताबेदार: फ्लॅट खरेदीदाराच्या ताब्यात आहे. 'इन चार्ज ऑफ द वॉर्ड' असलेली परिचारिका वॉर्ड सांभाळते. 'इन द चार्ज ऑफ' परिचारिका असलेला वॉर्ड तिच्याकडून सांभाळला जातो. 'इन फ्रंट ऑफ द बस' म्हणजे बसच्या पुढे, रस्त्यावर. 'इन द फ्रंट ऑफ द बस' म्हणजे बसच्या आत, पुढच्या भागात. मराठीत 'द'ला जोडीदार नसल्यामुळे आपली नजर त्याच्यावरून घसरते, म्हणून अशा जोड्या मोठ्याने वाचाव्यात.

इतकं सगळं पाहिल्यावरही असे प्रयोग उरतातच, ज्यांचं कारण आजच्या इंग्रजीत सापडत नाही. ते इतिहासात असतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही आपल्यासारख्या विभक्ती होत्या. अकराव्या-बाराव्या शतकापासून शब्दांची शेपटं झिजत गेली आणि त्यांचं काम नामाआधी येणाऱ्या या छोट्या शब्दांवर पडलं. ओझं वाढलं तशी त्यांची पांगापांग झाली. 'विथ'चा जुना अर्थ 'विरुद्ध' असा होता. 'विथस्टँड'मध्ये तो अजून जिवंत आहे. 'सोबत' या अर्थाचा वेगळा शब्द होता 'मिड', तो मागे पडला आणि 'मिडवाइफ' या शब्दात तेवढा राहिला: बाळंतिणीसोबत असणारी बाई. त्यामुळे 'फाइट विथ' म्हणजे कोणाविरुद्ध लढणं की कोणाच्या बाजूने, हा घोळ इंग्रजीत आजही होतो. आपल्या 'शी'मध्येही दोन्ही बाजू आहेत, शत्रूशी लढतो आणि मित्राशी बोलतो. 'अलाइव्ह' आणि 'अस्लीप' यांच्या सुरुवातीचा 'अ' म्हणजे झिजलेला 'ऑन'. 'ऑफ' या एकाच उच्चाराने आपण वाचतो ते दोन शब्द, एक 'चा-ची-चे'चा आणि एक 'वरून, बाजूला' या अर्थाचा, मुळात एकच होते.

तेव्हा 'मॅरिड टु' का आणि 'विथ' का नाही, 'डिस्कस'च्या पुढे 'अबाउट' का नको, याची कारणमीमांसा करत बसू नये. तिथे क्रियापदासकट अख्खा प्रयोग उचलावा. असे प्रयोग शोधायला चांगली साधनं आहेत. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांबरोबर परभाषकांसाठी केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला. कोणत्या क्रियापदापुढे काय येतं हे सांगणं हा त्याचा एक मुख्य हेतू होता. १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली निघालेल्या 'कोबिल्ड' कोशाने प्रत्यक्ष छापलेल्या आणि बोललेल्या इंग्रजीच्या संगणकीय साठ्यातून उदाहरणं घेतली. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये तर दहा कोटी शब्द आहेत. अशा साठ्यात 'इन टाइम' टाकावं आणि त्याच्या उजवीकडे काय काय येतं ते वीस-पंचवीस ओळी शांतपणे वाचावं. नियमाच्या पुस्तकापेक्षा ते जास्त शिकवून जातं. ब्रिटिश 'ॲट द वीकेंड' म्हणतात आणि अमेरिकन 'ऑन द वीकेंड', ब्रिटिश माणूस 'इन हॉस्पिटल' असतो आणि अमेरिकन 'इन द हॉस्पिटल', हेही तिथेच उघड होतं. दोन्ही बरोबर आहेत; एका लेखात एकच पाळावं.

वहीत नोंद करताना मात्र सुटा शब्द आणि त्याचा अर्थ लिहू नये, पूर्ण वाक्य लिहावं, आणि जोडीतलं दुसरं त्याच्याच खाली. उदाहरणार्थ 'टायर्ड'. वरच्या ओळीत 'आय ॲम टायर्ड फ्रॉम द वॉक', आणि शेजारी मराठीत 'चालून चालून दमलो'. खालच्या ओळीत 'आय ॲम टायर्ड ऑफ द वॉक', आणि शेजारी 'रोज त्याच रस्त्याने चालायचा कंटाळा आला'. पहिल्यावर उपाय खुर्ची, दुसऱ्यावर नवा रस्ता.